हांडे सरांची काळी राख

"जिथं कुणी इचारत नाय अशी जागा बघ, सोपान. डांबरी रस्ता नको, कारखाना नको, शिकल्यालं माणूस नको."

काचेच्या पार्टिशनपलीकडून हांडे सरांचा आवाज आला, तेव्हा मी तराजूवर राख तोलत होते. निकेलची नखाएवढी पन्हळ असते, तिच्यात चिमूटभर राख घ्यायची आणि श्वास रोखून आकडा स्थिर होण्याची वाट बघायची. ही राख इतकी बारीक की श्वासानेसुद्धा उडते.

"वर घाटात बघतो की," सोपान म्हणाला. हा सोपान म्हणजे ट्रकमालक. सरांची सगळी वाहतूक त्याच्याकडे. "तळेघरच्या अंगाला. तिकडं कोण इचारतंय?"

दोघं हसले. मग सरांनी नेहमीसारखी खिडकी उघडली, तोंडातली चावलेली बडीशेप खाली थुंकली आणि खिडकी लावून घेतली. खाली कांद्याच्या गोण्या रचलेल्या असायच्या. सरांना ते माहीत होतं.

आमची लॅब ओतूरला एसटी स्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या वर होती. दूध, पाणी, माती तपासायचं काम रोजचं. पण सरांचा मान होता तो वेगळ्या कामासाठी. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या धुराड्यातून किती पारा बाहेर पडतो, ते मोजून द्यायचं आणि तो कमी कसा करायचा, याचा सल्लाही द्यायचा. सर विदर्भातल्या एका वीज केंद्रात रसायन विभागाचे प्रमुख होते. निवृत्त होऊन गावी आले आणि महिन्याभरात पाटी लावली. माझे वडील जुन्नरला शिक्षक, सरांचे शाळेतले वर्गमित्र. मी एमएस्सी होऊन घरी बसले होते, तेव्हा वडील म्हणाले, "हांड्याकडे जा. तो माणूस नाही, विद्यापीठ आहे."

शिकले, हे नाकारत नाही.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला पारा समजावून सांगितला. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. कॉलेजात याच विषयावर चाळीस स्लाइड दाखवल्या होत्या, त्यातलं काही डोक्यात राहिलं नव्हतं. सरांनी टेबलावर डबा उघडला, भाकरीचा घास मोडला आणि खात खात सांगितलं.

"कोळशात पारा चिमटीतही न सापडण्याइतका. पण जाळतो किती? डोंगर जाळतो रोज. भट्टीत सगळा पारा वाफ होतो. पुढे धूर थंड होत जातो, तसे त्याचे तीन भाऊ होतात. थोरला कुणात मिसळत नाही. पाण्यात विरघळत नाही, राखेला चिकटत नाही, सरळ धुराड्यातून वर. कुठल्या देशात जाऊन उतरेल सांगता येत नाही. मधल्याला क्लोरीन भेटतं. लग्न झालं की माणूस जसा नरमतो, तसा तो पाण्यात विरघळतो. धूर पाण्यानं धुतला की हाती लागतो. धाकटा राखेच्या कणाला चिकटून बसतो, आईच्या पदराला बसावं तसा. राख पकडली की तोही आला."

त्यांनी बोट चाटलं आणि त्याच बोटाने माझ्या वहीवर तीन रेघा काढल्या. कागदावर तेलाचे तीन डाग पडले.

"आपल्या कोळशात क्लोरीन कमी. म्हणून घरात थोरला बिनलग्नाचा फार. त्याला पकडायचं कसं? कोळशाची खास बारीक पूड करायची, तिला ब्रोमीन लावायचं आणि धुरात फुंकायची. थोरला तिला जाऊन चिकटतो. मग पूड, राख आणि पारा, सगळं एकत्र खाली."

"मग?" मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

"मग काय? राखेत." सर माझ्याकडे बघून हसले. "पारा मरत नसतो पोरी, नुसता पत्ता बदलतो. तू थोरली आहेस बघ. कुणात मिसळत नाहीस."

इतकं चांगलं मला कुणीच समजावलं नव्हतं. मला आज त्याचीच जास्त किळस येते. न समजणाऱ्या माणसाला माफ करता येतं.

सरांच्या खिशात नेहमी एक काचेची कुपी असायची. तिच्यात पारा. वीज केंद्रातल्या एका जुन्या दाबमापकातून काढून घेतलेला, असं ते अभिमानाने सांगत. उद्घाटन असो, सत्यनारायण असो, बँकेच्या मॅनेजरची भेट असो, सर कुपी उघडून एक थेंब तळहातावर घेत आणि गोल गोल फिरवत. "बघा, ह्याच्याशी आमचं भांडण." बायका पोरांना पुढे ढकलायच्या, बघ बघ म्हणून. एकदा नारायणगावच्या एका शाळेत त्यांनी तो थेंब पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातावर दिला. तिच्या बोटांमधून तो निसटला, फरशीवर त्याचे बारीक मणी झाले आणि बाकाखाली पसरले. सर म्हणाले, "असू दे, झाडून घ्या." शिपायाने झाडून कोपऱ्यात लोटलं. टाळ्या झाल्या.

उजव्या हाताच्या करंगळीचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. विचार करताना ते कानात घालून फिरवत आणि मग त्याच हाताने पाहुण्यांपुढे पेढ्याचा पुडा धरत. पाहुण्यांसमोर मी "आमच्या मॅडम" असायचे. पाहुणे गेले की "ए पोरी". फोनवर त्यांचे आवाजही वेगवेगळे होते. वीज केंद्राच्या साहेबांशी ते पुस्तकातलं मराठी बोलत, मध्ये इंग्रजी पेरत. सोपानशी बोलताना एकदम ओतूरच्या बाजारातले व्हायचे. दोन्हीतला खरा कोणता, हे मला कधी कळलं नाही.

गावात त्यांचं नाव मात्र होतं. वस्तीवरच्या विहिरीचं पाणी फुकट तपासून द्यायचे. बाटलीत पाणी भरताना, बुद्धविहाराच्या ओट्यावर पोरांबरोबर उभे राहून फोटो काढून घ्यायचे. अहवाल बरा आला तर सरपंचाच्या हातात देतानाचा दुसरा फोटो. वाईट आला तर दुसरा फोटो नसायचा. पहिला तोवर पेपरात आलेला असायचा. मी एकदा विचारलं, "सर, त्या विहिरीचा अहवाल पाठवायचा राहिलाय."

"कशाला घाबरवायचं लोकांना?" ते म्हणाले. "प्यायला दुसरं पाणी देणार आहेस का तू?"

आम्हाला काम देणाऱ्या, त्यातल्या त्यात जवळच्या वीज केंद्रावर मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले. धुराड्याच्या मध्यावर लोखंडी सज्जा असतो, तिथे भोक असतं, त्यातून धूर ओढून घ्यायचा आणि काचेच्या नळीत पारा पकडायचा. वर जाण्याआधी खाली चहा झाला. तिथला एक ऑपरेटर दुसऱ्याला म्हणाला, "पाहुण्यांचा कोळसा लावला का रे?" दुसरा म्हणाला, "पहाटेच लावला. पूडपण डबल चालू आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सरांना विचारलं तर ते मोठ्याने हसले. "अगं, घरी पाहुणे आले की आपण पोहे चांगल्या तेलात करतो ना? तसंच. तपासणीच्या दिवशी धुतलेला कोळसा. वेगळा ठेवतात."

"पण मग मोजायचं कशाला?"

"मोजायचं म्हणून मोजायचं."

आम्ही मोजलं. आकडा फार सुंदर आला. गेस्ट हाउसवर जेवण झालं. मटणाचा रस्सा सरांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि तो त्यांनी जिभेने टिपला. टेबलापलीकडचे अधिकारी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. ओतूरला परतल्यावर सरांनी पेढे वाटले. "धुराड्यातला पारा पळवून लावला," असं खतवाल्याला सांगितलं.

मग राखेचं सुरू झालं.

वीज केंद्राची राख विटा आणि सिमेंट करणारे नेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. नेहमीची राख करडी असते. पण पूड फुंकायला लागल्यापासून ती काळपट यायला लागली, कारण तिच्यात कोळशाची पूड होती. सरांनी वीज केंद्राशी दोन्ही कामं ठरवली होती: पारा पकडण्याचा सल्ला द्यायचा आणि पकडल्यानंतरची राख कुठेतरी खपवायची. पहिल्या कामाचे फोटो निघाले. दुसऱ्या कामासाठी जुन्नर रस्त्यावरचा एक वीटवाला लॅबमध्ये आला, पिशवीतून दोन विटा घेऊन.

"सर, बघा ही," तो म्हणाला, आणि त्याने वीट दोन्ही हातांनी मोडली. पाव मोडावा तशी मोडली. "हिला काय ईट म्हणायची का? पाणी लई पिती, धरत न्हाई. आन काळी. लोक म्हणत्यात जळकी हाय. मला नको ही राख. फुकाट दिली तरी नको."

"सिमेंट वाढव."

"तुमी वाढवा सिमेंट, मी दुसरी राख घेतो. राव, माझं नाव खराब व्हतंय." तो विटेचे तुकडे तिथेच ठेवून गेला.

सरांनी टेबलावरचा चुरा तळहाताने लोटून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग हात पुसायला इकडेतिकडे बघितलं. माझ्या खुर्चीवर माझा पांढरा एप्रन होता. त्यांनी त्याला दोन्ही हात पुसले, नीट, बोटांच्या मधूनसुद्धा. मी समोरच उभी होते.

त्याच संध्याकाळी मी ती राख तपासली. आमचं पारा मोजायचं यंत्र साधं आहे. राख आत जाते, यंत्र तिला तापवतं, पारा वाफ होऊन सुटतो, सोन्यावर अडकतो, मग त्याची मोजणी होते. पडद्यावर एक रेघ उठते. त्या दिवशी रेघ उठली आणि वरच्या कडेला जाऊन अडकली. पडदा पुरला नाही. मी राख कमी घेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच.

सरांना दाखवलं. ते खूश झाले.

"येणारच की! पकडलाय कुणी?" त्यांनी पडद्याचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे वीज केंद्राच्या साहेबांना पाठवला. "आणि काळजी करू नकोस. कोळशाच्या पुडीला हा असा धरून बसतो की पावसानंसुद्धा सुटत नाही. शास्त्र आहे ते."

ते खरं होतं. म्हणून मी गप्प बसले. नंतर सोपानला जागा बघायला सांगितलं गेलं, ते मी पार्टिशनच्या अलीकडून ऐकलं.

तळेघरच्या बाजूला आम्ही जीपने निघालो, तेव्हा उन्हाळा लागला होता. सोपान चालवत होता, सर पुढे, मी मागे. घोडेगावला सरांनी तहसीलसमोर मिसळ खाल्ली, दोन ओळखीच्या क्लार्कच्या पाठीवर थाप मारली आणि तर्रीचे हात जीपच्या सीटला पुसले. मला का नेत होते, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. "इस्त्रीचा ड्रेस घाल" एवढंच सांगितलं होतं.

डोंगर सुरू झाल्यावर उतारावरच्या भातखाचरांमध्ये बायका दिसायला लागल्या. डोक्यावर फांद्यांचे भारे, ते एका कोपऱ्यात आणून पसरायच्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"राब," सोपान म्हणाला. "न्हाई म्हाईत? तुमी जुन्नरच्या ना? भाताचं बी टाकायचं त्या जागंवर आधी फांद्या, पाला, शेण रचायचं. वरनं माती. आन पेटवायचं. तासन्‌तास धुमसत ऱ्हातं. बाया काठीनं सारखं करीत बसत्यात, नायतर मधीच इझतं. मग त्या राखंत बी पेरायचं. गवत उगवत न्हाई, रोप जोरात येतं."

सरांनी डोळे मिटलेले होते. ते उघडून ते म्हणाले, "अरे, मग आपलं काम झालंच की. हे तर राखेचेच गिऱ्हाईक."

गावाच्या अलीकडे वळणावर सोपानचा एक ट्रक आदल्या दिवशीच रिकामा झालेला होता. काळपट ढीग, वरून पाणी मारलेला. कडेला दोन कोंबड्या त्यात अंग घोळत होत्या. सरांनी ढिगाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "नमुना आहे," ते म्हणाले. "पसंत पडला की बाकीचे ट्रक."

समाजमंदिराच्या सावलीत वीस-पंचवीस माणसं जमली होती, निम्म्या बायका. खुर्ची दिली तर सर बसले नाहीत. सतरंजीवर मांडी घालून बसले. चहा बशीत ओतून प्यायले. आणि बोलायला लागले ते सोपानच्या भाषेत.

"मी तुमच्यातलाच हाय. माझ्या आज्यानं नाचणी पेरली. तुमी राब भाजता, राख करता, बराबर? त्यासाठी अख्खा डोंगर बोडका करता. किती फांद्या, किती शेण, किती येळ! मी तुम्हाला तयार राख आणून देतो. घरपोच. फुकाट. सरकारी इजंच्या कारखान्यातली."

"फुकाट कशापायी?" मागून एक म्हातारा म्हणाला. "आमाला कुणी फुकाट इख पण देत न्हाई."

सगळे हसले, सरही हसले. "पावणं लई हुशार! आवो, त्यांना जागा पायजे, तुम्हाला राख पायजे. दोघांचं भागतंय."

ते बराच वेळ बोलले. राखेत काय काय असतं ते सांगितलं: चुना, पोटॅश, लोह. कुपी त्या दिवशी खिशातच राहिली. जो माणूस सत्यनारायणाच्या पूजेत पारा दाखवायचा, त्याने तासाभरात तो शब्दसुद्धा उच्चारला नाही. मी वाट बघत होते. मला वाटत होतं, कुठेतरी ओझरता तरी येईल.

लोकांना पटत चाललं होतं. पुढे बसलेल्या एका बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचं नाव ठकूबाई. सरपंचांनी तिला नावाने बोलावून पुढे बसवलं होतं, कारण गावातल्या बायका राबाच्या बाबतीत तिचं ऐकत. तिचे हात कोपरापर्यंत फांद्यांनी ओरबाडलेले होते.

"सायेब, एक सांगा," ती म्हणाली. "ही राख नुसती पेरून न्हाई भागायचं. जमीन भाजाय तर लागतीच, नायतर गवत ऱ्हातं. मग ही राबाच्या खाली घालायची का वर?"

सर थांबले.

एक क्षणभरच. पण मी त्यांच्या बाजूला बसले होते आणि मी त्यांचा चेहरा रोज बघत होते. त्यांचं नख कानाकडे गेलं आणि मध्येच थबकलं. काय विचारलं गेलंय, ते त्यांना पूर्ण समजलं होतं. आमच्या यंत्रात जे होतं तेच तिथे होणार होतं. फक्त वर सोनं नसणार, वाकलेल्या बायका असणार. पावसाने सुटत नाही म्हणणाऱ्या माणसाला आगीने काय सुटतं, ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला अजूनही त्या क्षणाचं वाटतं की तो दोन्हीकडे जाऊ शकत होता. सर म्हणू शकले असते, थांबा, मग ही राख तुमच्या कामाची नाही. त्यांचं काही गेलं नसतं. सोपानने दुसरी जागा शोधली असती.

"खाली घाला," सर म्हणाले. "खाली थर द्या, वरनं पाला-शेण रचा आन भाजा निवांत. झकास बसंल जमिनीत."

ठकूबाईने मान हलवली. तिच्या मागच्या दोघी-तिघी आपसात बोलायला लागल्या, कुणाच्या खाचराला किती लागेल.   माझ्या तळहाताला घाम आला होता आणि तो मी ओढणीला पुसला, आणि पुसताना माझी मलाच शिसारी आली.

"आन माझ्यावर इश्वास नसंल," सर म्हणाले, "तर आमच्या मॅडमला इचारा. पुण्याला एमएस्सी झाल्यात. ह्याच राखेची तपासणी त्यांनीच केली, सोताच्या हातानं."

तेव्हा मला कळलं, इस्त्रीचा ड्रेस कशासाठी होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोक्यात शब्द नेहमीसारखे इंग्रजीत आले, लांब लांब, इथे कुणाच्या उपयोगाचे नसलेले. सर माझ्याकडे वळले होते. त्यांच्या मिशीवर चहाचा थेंब होता. ते हसत होते, आणि हसता हसता हनुवटीने हलकेच खूण करत होते, म्हणजे बोल, हो म्हण, उरक. त्यांना माझी अजिबात भीती वाटत नव्हती. सर मला शेवटचे दिसले ते असे. त्यानंतर मी जीपमध्ये बसले नाही. घोडेगावपर्यंत एसटीने आले, आणि ओतूरला परत गेले नाही.

ठकूबाई म्हणाली, "सांग की बाई."

मी सरांकडे बघणं सोडलं आणि तिच्या हातांकडे बघितलं. माझा आवाज फार बारीक आला, म्हणून मी पहिल्यापासून पुन्हा म्हणाले:

"मावशी, ही राख घेऊ नका. खाली नाही, वर नाही, खाचरात कुठेच नाही. हिच्यात पारा आहे, मी स्वतः मोजलाय. गार आहे तोवर तो गप्प असतो, पण भाजली की तो वाफ होऊन सुटतो. दिसत नाही, वास येत नाही, आणि राब सारखा करायला तुम्ही वाकलात की तुमच्या छातीत जातो. हे सरांनाही माहीत आहे. त्यांनीच मला शिकवलंय."